डेटोना, मार्टिन्सव्हिल की विल्क्सबरो? ऑनलाइन स्टॉक कार शर्यतींच्या ट्रॅकनिवडीचा आढावा

१९९४ साली अमेरिकेतल्या पपायरस या कंपनीने ‘नॅस्कार रेसिंग’ हा संगणकावरचा खेळ बाजारात आणला, तेव्हा त्यात डेटोनाच नव्हतं. फ्लोरिडातला हा ट्रॅक म्हणजे स्टॉक कार शर्यतींची पंढरी. तरी तो नव्हता, आणि इंडियानापोलिसही नव्हतं. हक्क आणि परवाने यांचा गुंता होता. जे ट्रॅक मिळाले त्यांवर लोक धावले. पपायरसच्या खेळात डेटोना यायला २००१ सालचा ‘नॅस्कार रेसिंग ४’ उजाडावा लागला.

आज चित्र नेमकं उलट आहे. पपायरसच्या संस्थापकांपैकी एक असलेले डेव्ह केमर यांनी बोस्टन रेड सॉक्स या बेसबॉल संघाचे मालक जॉन हेन्री यांच्यासोबत २००४ मध्ये नवी कंपनी काढली आणि २००८ मध्ये तिचं ऑनलाइन शर्यतींचं सिम्युलेशन, आयरेसिंग, लोकांसाठी खुलं झालं. ट्रॅक अंदाजाने रेखाटायचा नाही, प्रत्यक्ष जागेवर लेझर स्कॅनर नेऊन मोजायचा, ही त्यांची पद्धत. डांबरातला उंचवटा, काँक्रीटचा सांधा, भिंतीचा कोन, सगळं मिलिमीटरच्या हिशोबात. खऱ्या स्टॉक कार शर्यती भरवणाऱ्या नॅस्कार या संस्थेच्या आजच्या वेळापत्रकातले जवळजवळ सगळे ट्रॅक तिथे आहेत. त्यांच्याबरोबर गावोगावचे छोटे ट्रॅक, मातीचे ट्रॅक आणि प्रत्यक्षात बंद पडलेले ट्रॅकही आहेत.

म्हणून हंगाम सुरू होताना प्रत्येक लीगपुढे एकच प्रश्न उभा राहतो. लीग म्हणजे दर आठवड्याला ठरल्या रात्री एकत्र धावणारा वीस-तीस-चाळीस जणांचा गट. हंगाम दहा-बारा शर्यतींचा, हाताशी ट्रॅक कितीतरी, आणि प्रत्येकाची आवड निराळी. कुणाला टॅलाडेगाचा थरार हवा, कुणाला ब्रिस्टलची धक्काबुक्की, कुणी म्हणतं रस्त्याच्या ट्रॅकचं नावही काढू नका. बहुतेक लीग यावर सोपा तोडगा काढतात: नॅस्कारचं खरं वेळापत्रक समोर ठेवायचं आणि त्यातल्याच शर्यती उचलायच्या.

हा तोडगा सोपा असला तरी बरोबर नाही. खरं वेळापत्रक ठरतं ते वेगळ्याच गोष्टींवर: टीव्हीवाल्यांशी झालेले करार, तिकिटांची विक्री, कुठल्या राज्यात कधी थंडी आणि कधी पाऊस, ट्रॅक कुणाच्या मालकीचा. नॅस्कार आणि स्पीडवे मोटरस्पोर्ट्स या दोघांकडेच बहुतेक मोठे ट्रॅक आहेत आणि वर्षाच्या छत्तीस शर्यती मुख्यतः त्यांच्यातच वाटल्या जातात. यातलं एकही कारण ऑनलाइन लीगला लागू होत नाही. लीगला तिकिटं विकायची नसतात. तिला दिवसभर राबून संगणकापुढे बसलेल्या माणसांना दीड-दोन तासांची चांगली शर्यत द्यायची असते.

मग कसोटी कोणती? दोन प्रश्न पुरेसे आहेत. एका फेरीत चालकाला स्वतःला किती निर्णय घ्यावे लागतात? आणि त्याने चूक केली, तर ती त्याच्यापुरती राहते की तिच्यापायी निम्मं मैदान भिंतीवर जातं? या दोन प्रश्नांवर ट्रॅक पारखत गेलं, की प्रसिद्धीची उतरंड बरीच बदलते.

सुरुवात सर्वांत प्रसिद्ध ट्रॅकपासूनच करायला हवी. डेटोना अडीच मैलांचा, वळणांचा कल ३१ अंशांचा. अलाबामातलं टॅलाडेगा २.६६ मैलांचं, म्हणजे सव्वाचार किलोमीटरच्या थोडं वर, आणि कल ३३ अंशांचा. एवढ्या कलत्या वळणावर ॲक्सिलरेटर सोडावाच लागत नाही. १९८७ मध्ये बिल एलियटने टॅलाडेगात पात्रता फेरीत ताशी २१२.८०९ मैलांचा वेग गाठला. त्याच वर्षी तिथे बॉबी ॲलिसनची गाडी उडून प्रेक्षकांपुढच्या जाळीवर आदळली, आणि १९८८ पासून या दोन ट्रॅकवर इंजिनात जाणारी हवा अडवणाऱ्या पट्ट्या सक्तीच्या झाल्या. आता त्या पट्ट्यांची जागा दुसऱ्या भागांनी घेतली असली, तरी परिणाम तोच राहिला आहे. सगळ्यांची ताकद सारखी बेतलेली, त्यामुळे कुणी एकटा पळून जाऊ शकत नाही. पुढची गाडी हवा कापते, मागचीला तिच्या आडोशाने ओढ मिळते, आणि तीस-चाळीस गाड्यांची झुंड दोन-तीन रांगांत एकमेकींना चिकटून धावते.

खऱ्या ट्रॅकवर हे दृश्य बघताना श्वास रोखला जातो. ऑनलाइन शर्यतीत त्यात एका गोष्टीची भर पडते, ती म्हणजे इंटरनेटचा विलंब. प्रत्येक चालकाचा संगणक आपल्या गाडीची जागा सर्व्हरला कळवतो. बाकीच्यांच्या गाड्या कुठे असतील, याचा तो आलेल्या माहितीवरून अंदाज बांधतो. ताशी १९० मैल वेगाने गाडी सेकंदाला ८५ मीटर जाते. माहिती यायला सेकंदाचा दहावा भाग उशीर झाला, तर तेवढ्यात गाडी साडेआठ मीटर पुढे सरकलेली असते. नॅस्कारच्या मुख्य, म्हणजे कप मालिकेची गाडी जेमतेम पाच मीटर लांब. म्हणजे एकाच्या पडद्यावर दोन गाड्यांमध्ये फट दिसते आणि दुसऱ्याच्या पडद्यावर त्या भिडलेल्या असतात. मार्टिन्सव्हिलसारख्या छोट्या ट्रॅकवर वळणात शिरताना हाच अंदाज चुकला तर हलका धक्का बसतो. टॅलाडेगात त्याच चुकीने वीस गाड्या निकामी होतात.

भारतातून अमेरिकेतल्या सर्व्हरवर धावणाऱ्यांना हे आणखी जाणवतं. माहिती जाऊन यायलाच सेकंदाच्या पाचव्या भागाच्या आसपास वेळ जातो. शिवाय अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर उन्हाळ्यात रात्री नऊला सुरू होणारी शर्यत पुण्या-नाशिकात सकाळी साडेसहाला येते. तिथून लीगमध्ये उतरणाऱ्याने झुंडीच्या ट्रॅकवर रांगेच्या मागच्या टोकाला राहून धावणं शहाणपणाचं. छोट्या ट्रॅकवर मात्र त्याला मनसोक्त भिडता येतं, कारण तिथे वेग कमी आणि चुकीला माफी जास्त.

आयरेसिंगच्या सुरक्षा गुणांची पद्धतही झुंडीच्या ट्रॅकवर जाचक ठरते. धडक झाली की दोष कुणाचा हे ती पाहत नाही. दोघांच्याही खात्यावर डाग लागतो, आणि तो मोजला जातो पार केलेल्या वळणांच्या प्रमाणात. टॅलाडेगात तासभर सांभाळून चालवणाऱ्याच्या खात्यावरही तीन रांगा पुढे झालेल्या भानगडीचे गुण लागतात. नवख्या चालकांच्या लीगने असे चार-चार ट्रॅक वेळापत्रकात ठेवले, की हंगामाच्या मध्यापर्यंत निम्मे जण गळतात. म्हणून हे ट्रॅक काढून टाकावेत, असं नाही. ड्राफ्टमध्ये, म्हणजे पुढच्या गाडीच्या आडोशाने धावताना, कुणासोबत राहायचं, कुणाला ढकलायचं, कधी रांग सोडायची, हीदेखील एक कला आहे आणि तिचे जाणते आहेत. पण बारापैकी दोन शर्यती पुरेशा आहेत.

त्या दोनांतली एक अटलांटाची मानायला हवी, आणि अनेक वेळापत्रकं इथेच फसतात. अटलांटा आहे १.५४ मैलांचं, त्यामुळे यादीत ते मध्यम लांबीच्या ट्रॅकमध्ये जाऊन बसतं. पण २०२१ च्या हंगामानंतर तिथे नवं डांबर पडलं, वळणांचा कल २४ वरून २८ अंशांवर गेला आणि रुंदी ५५ फुटांवरून ४० फुटांवर आली. हा आराखडा आधी आयरेसिंगमध्ये आभासी रूपात पारखला गेला होता. मार्च २०२२ मध्ये नव्या ट्रॅकवरची पहिली शर्यत झाली आणि ती जिंकली विल्यम बायरनने. पौगंडवयात आयरेसिंगवर शर्यती शिकून मग खऱ्या गाडीत बसलेला हा चालक. २०२४ आणि २०२५ अशी लागोपाठ दोनदा डेटोना ५०० त्याच्याच नावावर आहे. आताचं अटलांटा स्वभावाने छोटा डेटोना आहे. डेटोना, टॅलाडेगा आणि अटलांटा तिन्ही घेतले, तर वेळापत्रकात झुंडीच्या शर्यती दोन नाही, तीन झाल्या हे ध्यानात ठेवावं.

दीड मैलाचे ट्रॅक हा वेळापत्रकाचा कणा समजला जातो. गेल्या दोन-तीन दशकांत अमेरिकेत बांधलेले बरेचसे ट्रॅक याच मापाचे आहेत आणि प्रेक्षक त्यांना एकसुरी म्हणतात. सिम्युलेशनमध्ये हा आरोप अर्धाच खरा ठरतो. तिथे लांबीपेक्षा डांबराचं वय महत्त्वाचं असतं. नवं डांबर गुळगुळीत, टायर त्याला घट्ट धरतात, सगळे एकाच रेषेत धावतात आणि पुढे जायला जागा उरत नाही. जुनं डांबर खरखरीत, ते टायर खातं. वीस फेऱ्यांत फेरीची वेळ दीड-दोन सेकंदांनी वाढते. टायर जपून चालवणारा पुढे येतो आणि सुरुवातीला तलवार उपसून धावलेला मागे पडतो. २०१५ नंतर आयरेसिंगमध्ये ट्रॅकवर रबराचा थर साचू लागला. तेव्हापासून शर्यत चालू असतानाच चांगली रेषा सरकते, आणि जुन्या डांबराचं महत्त्व आणखी वाढलं.

फ्लोरिडातलं होमस्टेड हे याचं सर्वोत्तम उदाहरण. दीड मैल लांबी, आणि २००३ पासून वळणांचा कल खाली १८ अंश, वर भिंतीपाशी २० अंश. वर कल जास्त म्हणून वरची रेषा वेगवान, पण तिथे भिंत हातभर अंतरावर. पहिल्या पाच फेऱ्या खालून निघतात. मग पुढचे टायर सुटायला लागतात, वळणाच्या मध्यावर गाडी वळेनाशी होते आणि आपोआप वर सरकते. इथे चालकाला ठरवावं लागतं. एक, आणखी आवळून खालीच राहायचं आणि वेळ गमवायची. दोन, सरळ रस्ता संपण्याआधीच गाडी वर न्यायची, ॲक्सिलरेटर थोडा लवकर सोडायचा, गाडी भिंतीला समांतर झाली की हळूहळू पाय दाबत जायचं आणि उजव्या मागच्या कोपऱ्याला भिंतीपासून दोन बोटं दूर ठेवायचं. ते जमलं तर फेरीमागे दोन-तीन दशांश सेकंद हाती लागतात. भिंत घासली तर पत्रा टायरला लागतो आणि पाच फेऱ्यांत टायर फुटतो. चूक ज्याची त्याला भोवते, शेजाऱ्याला नाही.

डार्लिंग्टनचा न्यायही असाच आहे. दक्षिण कॅरोलायनातला हा १.३६६ मैलांचा ट्रॅक १९५० पासूनचा. बांधणारे हॅरॉल्ड ब्रासिंग्टन यांनी ज्याच्याकडून जमीन घेतली, त्याला आपला मासळीचा तलाव सोडायचा नव्हता. तलाव राहिला आणि ट्रॅकचं एक टोक आवळलं गेलं. त्यामुळे एका टोकाला बसणारा सेटअप दुसऱ्या टोकाला बसत नाही आणि प्रत्येक फेरीत गाडीशी तडजोड करावी लागते. एखाद्या लीगमध्ये डार्लिंग्टनची शर्यत नसेल, तर ते वेळापत्रक अपुरं आहे असं बेलाशक म्हणावं.

शार्लटचा दीड मैलाचा ट्रॅक वेळापत्रकात येतो तो वेगळ्या कारणाने: आयरेसिंगच्या सदस्याला तो वेगळे पैसे न मोजता मिळतो. नव्या सदस्याला पहिल्या आठवड्यात लीगमध्ये आणायचं, तर हंगामाची पहिली शर्यत तिथे ठेवण्यासारखी सोय नाही.

आता छोट्या ट्रॅककडे. व्हर्जिनियातलं मार्टिन्सव्हिल १९४७ पासून चालू आहे. ०.५२६ मैल, म्हणजे साधारण ८५० मीटर. सरळ भाग डांबराचे, वळणं काँक्रीटची, कल फक्त १२ अंश. फेरीला वीस सेकंदांच्या आसपास लागतात. तासाभरात १८० फेऱ्या धरल्या आणि फेरीला चार वळणं, तर चालक सातशेवीस वेळा वळण घेतो. दोन्ही टोकांना ब्रेक, गाडी वळवणं आणि पुन्हा ॲक्सिलरेटर. टॅलाडेगात त्याच तासात सत्तरेक फेऱ्या होतात आणि बहुतेक फेऱ्यांत उजवा पाय हलतच नाही. सरावाच्या दृष्टीने या दोघांची तुलनाच होत नाही. ब्रेक कधी सोडायचा, समोरच्याला न ढकलता आत कसं शिरायचं, मागच्याला वाट कधी द्यायची, हे सारं छोट्या ट्रॅकवरच शिकून होतं.

धोका आहेच. २०२० च्या वसंतात महासाथीमुळे खऱ्या शर्यती थांबल्या, तेव्हा नॅस्कारने आयरेसिंगवर आपल्याच चालकांची मालिका भरवली आणि ती टीव्हीवर दाखवली. २२ मार्चला पहिली शर्यत होमस्टेडला झाली. डेनी हॅमलिनने शेवटच्या फेरीत डेल अर्नहार्ट ज्युनियरला मागे टाकलं आणि नऊ लाखांवर लोकांनी ती पाहिली. पुढच्या आठवड्यात टेक्ससची शर्यत खऱ्या मालिकेत तोकड्या साधनांनिशी धावणाऱ्या टिमी हिलने जिंकली, प्रेक्षक तेरा लाखांवर गेले. मग ५ एप्रिलला ब्रिस्टल. अर्ध्या मैलाची वाटी, वळणं २४ ते २८ अंशांची, सगळीकडे काँक्रीट, आणि बरेचसे चालक सिम्युलेशनला नवखे. अपघातांमागून अपघात झाले. एका धडकेनंतर बब्बा वॉलेस चिडून शर्यत सोडून बाहेर पडला आणि त्यापायी त्याचा एक प्रायोजक गेला. शर्यत जिंकली बायरनने, ज्याचा हात पौगंडवयापासून या खेळावर बसलेला होता.

यावरून ब्रिस्टल वाईट ठरत नाही, क्रम महत्त्वाचा ठरतो. अनुभवी लीगला ब्रिस्टल तिसऱ्या आठवड्यातही शोभतं. नवख्यांच्या लीगने आधी रिचमंडसारखा पाऊण मैलाचा मोकळा ट्रॅक द्यावा, मग मार्टिन्सव्हिल, आणि माणसं एकमेकांचा स्वभाव ओळखू लागली की ब्रिस्टल.

मार्टिन्सव्हिलचा उल्लेख रॉस चॅस्टेनशिवाय पुरा होत नाही. ३० ऑक्टोबर २०२२ ला शेवटच्या फेरीत त्याने गाडी पाचव्या गिअरमध्ये टाकली, भिंतीला टेकवली आणि ॲक्सिलरेटर न सोडता अखेरची वळणं भिंतीच्या आधाराने घेतली. १८.८४५ सेकंदांत फेरी पूर्ण करून त्याने विजेतेपदासाठीच्या अंतिम चौघांत जागा मिळवली. ही युक्ती लहानपणी गेमक्यूबवर ‘नॅस्कार २००५’ खेळताना वापरली होती, असं त्याने नंतर सांगितलं. नॅस्कारने पुढच्या हंगामापासून तिला मनाई केली. ऑनलाइन लीगनेही आपल्या नियमावलीत हे कलम घालूनच मार्टिन्सव्हिल वेळापत्रकात घ्यावं, नाहीतर तिथल्या शेवटच्या फेरीचा विचका ठरलेलाच.

बाकीच्या ट्रॅकांविषयी थोडक्यात. पेनसिल्व्हेनियातलं पोकोनो अडीच मैलांचं त्रिकोणी, तिन्ही वळणं तीन वेगळ्या ट्रॅकांवर बेतलेली, कल १४, ८ आणि ६ अंश. वर्षाला एकदा जरूर. इंडियानापोलिसचा मान मोठा, पण तिथल्या नऊ अंशांच्या सपाट वळणांत स्टॉक कारने पुढच्याला गाठणं जिकिरीचं. तासभर एकामागे एक चालण्याची तयारी असेल तरच तिथे जावं. वॉटकिन्स ग्लेन किंवा सोनोमा यांपैकी एक रस्त्याचा ट्रॅक ठेवावा. नुसतं डावीकडे वळण्याची सवय झालेल्यांना तो खडतर जातो, पण गिअर आणि ब्रेक यांची ओळख त्याशिवाय पक्की होत नाही.

ट्रॅकइतकाच निर्णायक मुद्दा शर्यतीच्या लांबीचा, आणि त्याकडे सर्रास दुर्लक्ष होतं. होमस्टेडला तीस फेऱ्यांची शर्यत ठेवली, तर टायर बदलायची वेळ येण्याआधीच ती संपते आणि त्या ट्रॅकचं सगळं सौंदर्य वाया जातं. तिथे निदान दोनदा पिटमध्ये यावं लागेल इतकी लांबी हवी. टॅलाडेगाचं उलटं: शर्यत जितकी लांबवाल, तितका मोठ्या अपघाताचा संभव वाढतो. तिथे एका टाकीत संपणारी शर्यतही रंगते. दिवसाची वेळही बदलता येते. दुपारच्या उन्हात तापलेलं डांबर घसरडं होतं, रात्री तेच टायरला धरतं. एकच ट्रॅक दोन वेळांना घेतला, तर दोन वेगळ्या शर्यती मिळतात आणि कुणाला नवं काही विकत घ्यावं लागत नाही.

हा शेवटचा मुद्दा पैशांचा, आणि तो मोठा आहे. आयरेसिंगवर सदस्यत्व वेगळं आणि बहुतेक ट्रॅक वेगळे विकत घ्यावे लागतात, एकेक बारा ते पंधरा डॉलरच्या घरात. बारा नवे ट्रॅक म्हणजे दीडशे डॉलरच्या आसपास किंवा त्याहून जास्त खर्च. एकदम जास्त घेतले तर सूट मिळते, तरी रुपयांत तो आकडा बोचतोच. अधिकृत मालिकांचा हंगाम बारा आठवड्यांचा असतो आणि आठ आठवडे धावलं की सहभागाची थोडी रक्कम खात्यात परत येते. म्हणून जाणकार सदस्य बाराही ट्रॅक घेत बसत नाही. ट्रक, कप आणि मधल्या मालिका यांची वेळापत्रकं शेजारी ठेवतो आणि दोन-तीन ठिकाणी सामाईक असलेले ट्रॅक आधी घेतो. मार्टिन्सव्हिल, ब्रिस्टल, डार्लिंग्टन, फिनिक्स यांवर खर्च केलेला पैसा वर्षभर वसूल होत राहतो. लीग चालवणाऱ्यांनीही हे भान ठेवावं. एका हंगामात दोनापेक्षा जास्त नवे ट्रॅक घ्यायला लावणारी लीग विद्यार्थ्यांना आणि नुकत्या नोकरीला लागलेल्यांना बाहेर ठेवते.

या खरेदीत एखादा बंद पडलेला ट्रॅकही असावा. सिम्युलेशनचं खरं सामर्थ्य तिथे दिसतं. उत्तर कॅरोलायनातलं नॉर्थ विल्क्सबरो १९४७ पासून चालत आलं होतं, नॅस्कार कप मालिका १९९६ मध्ये तिथून गेली आणि नंतर ट्रॅक ओस पडला. लांबी पाच अष्टमांश मैल, समोरचा सरळ भाग उताराचा, मागचा चढाचा. भेगांतून गवत उगवलं, छपरं खचली. डिसेंबर २०१९ मध्ये डेल अर्नहार्ट ज्युनियरच्या पुढाकाराने काही मंडळी तिथे जमली. झुडपं उपटली, भेगांतलं गवत काढलं, ट्रॅक झाडून लेझरने मोजण्याजोगा केला. हेतू एवढाच होता, की निदान संगणकात तरी तो टिकावा. ९ मे २०२० ला महासाथीच्या मालिकेची शेवटची शर्यत त्याच आभासी ट्रॅकवर झाली आणि ती हॅमलिनने जिंकली. लोकांचं लक्ष पुन्हा तिकडे वळलं. २०२१ मध्ये राज्याने १ कोटी ८० लाख डॉलरची तरतूद केली, २०२२ मध्ये खऱ्या गाड्या परतल्या आणि मे २०२३ मध्ये तिथे ऑल-स्टार शर्यत झाली. ती काइल लार्सनने जिंकली.

सगळ्यांच्या नशिबी हे येत नाही. कॅलिफोर्नियातला फॉन्टानाचा दोन मैलांचा ट्रॅक जुन्या, खरखरीत डांबरामुळे चालकांचा लाडका होता. फेब्रुवारी २०२३ मध्ये तिथे शेवटची शर्यत झाली आणि मग तो पाडला गेला. पाच गाड्या शेजारी शेजारी धावतील एवढी त्याची रुंदी आता फक्त पडद्यावर अनुभवता येते. फिनिक्सचं २०११ च्या फेरबदलाआधीचं रूप असंच सिम्युलेशनमध्ये उरलं आहे. ‘नॅस्कार रेसिंग २००३ सीझन’ हा पपायरसचा शेवटचा खेळ आजही काही जण खेळतात, त्याचं कारणही हेच. हौशी मंडळींनी त्यासाठी असंख्य ट्रॅक स्वतः बनवले, त्यांत कित्येक केव्हाच नामशेष झालेले आहेत. नॅस्कारच्या वेळापत्रकाची नक्कल करणारी लीग हे सगळं धन हातचं सोडून देते.

उलटा प्रवासही घडला आहे. २०२१ च्या जूनमध्ये शिकागोच्या रस्त्यांवरचा ट्रॅक आधी आयरेसिंगमध्ये बनला आणि त्यावर आभासी शर्यत झाली. दोन वर्षांनी, जुलै २०२३ मध्ये, २.२ मैलांच्या त्या मार्गावर खऱ्या गाड्या धावल्या आणि न्यूझीलंडच्या शेन व्हॅन गिसबर्गनने पहिल्याच कप शर्यतीत विजय मिळवला. लॉस एंजेलिसच्या कोलिझियम मैदानात फेब्रुवारी २०२२ मध्ये घातलेला पाव मैलाचा ट्रॅकही आधी आयरेसिंगवर तपासला होता.

हे सगळं जमेस धरून बारा शर्यतींचा हंगाम बेतायचा, तर सुरुवात शार्लटने व्हावी. झुंडीच्या दोन शर्यती, एक डेटोना किंवा टॅलाडेगा आणि एक अटलांटा, हंगामाच्या मधल्या भागात एकमेकींपासून दूर ठेवाव्यात. चार शर्यती छोट्या ट्रॅकवर, त्यांत विल्क्सबरो असावंच. झिजलेल्या डांबराच्या तीन: डार्लिंग्टन, फॉन्टाना, होमस्टेड. एक सपाट मैलभराचा ट्रॅक, फिनिक्स किंवा न्यू हॅम्पशायर, आणि एक रस्त्याचा. मतदान घ्यायचंच असेल तर ते या गटांच्या आत घ्यावं. सगळे ट्रॅक एकाच मतपत्रिकेवर टाकले, की दरवेळी टॅलाडेगा निवडून येतं आणि न्यू हॅम्पशायर कधीच येत नाही.

उरतो तो अंतिम शर्यतीचा प्रश्न. नॅस्कारने २००२ ते २०१९ अंतिम शर्यत होमस्टेडला ठेवली, २०२० ते २०२५ फिनिक्सला नेली आणि २०२६ साठी पुन्हा होमस्टेडची निवड केली. इथे नॅस्कारचं अनुकरण जरूर करावं. अनेक लीग विजेतेपदाची शर्यत डेटोनाला ठेवतात, कारण शेवट गाजावाजात व्हावा असं वाटतं. मग बारा आठवडे गुण जमवलेला चालक चौथ्या रांगेत असताना पुढच्या रांगेत कुणाचं तरी इंटरनेट सेकंदभर अडखळतं, आणि त्याचा हंगाम तिथेच संपतो. होमस्टेडला पहिले दोघे शेवटच्या वीस फेऱ्यांत झिजलेल्या टायरवर, एक खालच्या आणि एक वरच्या रेषेने, एकमेकांना गाठायचा प्रयत्न करतात, आणि जो हरतो त्याला आपण कुठल्या वळणावर हरलो हे पक्कं ठाऊक असतं.